एर्मिन्दाच्या वॉशिंग मशीनची मोटर

आपल्या बायकोचं, एर्मिन्दाचं वॉशिंग मशीन मरावं म्हणून ओविदियो लाबोर्दे देव पाण्यात घालून बसला होता. मशीन तर रोजच पाण्यात असायचं, पण मरायचं नाव घेत नव्हतं.

दुपारचं जेवण उरकलं की सगळं तांदिल गाव आडवं होई. दुकानांची शटरं खाली, कुत्री सावलीला, टेकडीवरून वारा उतरला तरी दबकत दबकत. अशा वेळी कुणाच्या अंगणातून हातोडीचा ठोका ऐकू आला तर त्या घराबद्दल गल्लीत वर्षभर वाईट बोललं जायचं. वामकुक्षीच्या बाबतीत एर्मिन्दा तर फारच कडक. एकदा तिच्या उशाच्या खिडकीखाली पाववाल्यानं भोंगा वाजवला, तर त्याच्याकडून पाव घेणं तिनं कायमचं बंद केलं होतं.

ओविदियोला मात्र दुपारी झोप येत नसे. उभी हयात त्यानं बस चालवली होती. शहरातून आतल्या खेड्यांकडे जाणारी, धुळीनं माखलेली बस, आणि दुपारची फेरी कायम ह्याच्याच गळ्यात. गाव झोपलं की हा जागा, ही सवय पेन्शनीतही सुटली नाही. मग त्या रिकाम्या दुपारी त्यानं सुऱ्या करायला घेतल्या. त्याची बस मोडीत निघाली तेव्हा त्यानं साहेबाच्या हातापाया पडून तिचे स्प्रिंगचे पाटे मागून आणले होते. सगळ्या पंचक्रोशीला हिंदकळवणारे ते पाटे. त्यातून एकेक तुकडा कापायचा, कानशीनं घासायचा, भट्टीत लाल करून तेलात बुडवून पाणी द्यायचं, मग परत घासायचं. मूठ हरणाच्या शिंगाची नाहीतर जुन्या जर्दाळूच्या लाकडाची. कानशीचा आवाज खरखर असला तरी भिंतीपलीकडे जात नसे, म्हणून एर्मिन्दाचीही हरकत नव्हती.

लाकडी गोळे घरंगळवत बोची खेळायच्या क्लबातल्या प्रत्येकाच्या कमरेला ओविदियोची सुरी होती. रविवारी निखाऱ्यांवर बरगड्या भाजायला मंडळी जमली की ज्यानं त्यानं आपली सुरी काढायची. दुसऱ्याची मागून घेणं म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश मागण्यासारखं. सुरी भेट घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या तळहातावर एक नाणं ठेवायचं, नाहीतर पातं दोघांतली माया कापतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आता त्या देशात सरकारनं इतक्यांदा पैशाचं नाव बदललं आणि त्यावरची शून्यं खोडली की नाणं कुणाच्या खिशात सापडणंच मुश्किल. ओविदियोचा साडू निकानोर, म्हणजे एर्मिन्दाच्या धाकट्या बहिणीचा नवरा, त्यानं तर सुरी घेताना नाण्याऐवजी शर्टाचं बटण दिलं होतं. दोघांचं तेव्हापासून बिनसलं ते बिनसलंच. ओविदियो म्हणायचा, "बटणानं काय जोडली जाणार माया? बटणानं शर्ट जोडला जातो."

एवढ्या सुऱ्या गावभर वाटल्या, पण घरची बाई अजून बाजारातल्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीनं कांदा चिरत होती. "लोहाराच्या घरी मी विळी शेजारणीकडून आणते," असं एर्मिन्दा चारचौघात म्हणे, आणि ओविदियो दर वेळी म्हणे, "पुढची तुझी."

ती पुढची कधी आलीच नाही, कारण मध्येच त्याचा अंगठा गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण मुळाशी सुजला, कानस धरली की डोळ्यांत पाणी यायचं. दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरीणबाईनं फोटो काढला आणि सांगितलं, "कानस बंद."

"किती दिवस?"

"तुम्हाला अंगठा किती दिवस हवाय, त्यावर आहे."

घरी येताना ओविदियो हिशोब करत होता. सुऱ्या गेल्या तर उरलं काय? सकाळी पावाची रांग, रांगेत तेच ते म्हातारे, आणि त्यांच्या त्याच त्या लघवीच्या तक्रारी. मग लांबलचक दुपार. हाताचं काम यंत्राला दिलं तरच आपण वाचतो हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याला एक बेल्ट सँडर हवा होता, सँडपेपरचा पट्टा गरगर फिरवून पोलाद घासणारा. लहानसा, टेबलावर मावेल असा.

बेल्ट सँडर घ्यायचा म्हटल्यावर पहिल्यांदा सल्ला द्यायला कोण धावावं? साडू. निकानोरनं त्याच महिन्यात राजधानीहून एक लालभडक यंत्र मागवलं होतं. पट्टा अंगठ्याएवढा रुंद, आणि पळायला लागला की डासासारखा किणकिणायचा. रविवारी बरगड्या निखाऱ्यांवरून उतरल्या आणि निकानोरनं सगळ्यांना दिसेल अशा बेतानं स्वतः केलेली सुरी काढली.

"एका दुपारीत झाली," तो म्हणाला. "तुझ्या कानशीला महिना लागतो ना रे, ओविदियो?"

ओविदियोनं सुरी हातात घेतली, उन्हात तिरपी धरली. टोकाजवळ बोटभर पातं मोराच्या मानेसारखं निळं पडलं होतं.

"हे निळं काय?"

"मुद्दाम ठेवलंय. शोभेला."

"बरं. मग आता शोभेनं बरगडी काप."

निकानोरनं बरगडीच्या सांध्यात सुरी घातली आणि रेटली. बाहेर आली तेव्हा टोकाची धार पत्र्यासारखी दुमडली होती. यंत्र जोरात पळतं, पातळ पातं तापतं, निळं पडतं, आणि पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, एवढं क्लबातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. सगळे आपापल्या ताटात बघून चावत राहिले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट. पुढं त्या यंत्राचे पट्टेही संपले. तसल्या मापाचा पट्टा अख्ख्या तांदिलमध्ये कुणी ठेवत नव्हतं. लाल यंत्रावर आता निकानोरच्या बायकोनं जिरेनियमची कुंडी ठेवली होती.

ओविदियो मग रेल्वेरुळापलीकडे फाउस्तोकडे गेला. फाउस्तो जुना ट्रॅक्टरचा मिस्त्री, गाव त्याला उस्ताद म्हणायचं. त्यानं न विचारता भोपळ्याच्या तुंब्यात माते नावाच्या कडू चहाची पत्ती भरली, गरम पाणी ओतलं, पहिला घोट स्वतः ओढला आणि तुंबा ओविदियोपुढं केला.

"सँडर पायजे म्हन," तो म्हणाला.

"साडूसारखा नको."

"आरं, तुझ्या साडूनं घोडा घेतला आन् वैरण कुठं मिळतीया ते मागनं इचारलं. मशीन आधी बघायचंच न्हाई. आधी पट्टा. नाक्यावरच्या दुकानात सुतार लोक कुठला पट्टा नेत्यात? दोन बोटं रुंद, हाताएवढा लांब. त्यो आज बी मिळतो, उद्या बी मिळंल. त्या पट्ट्याच्या मापानं सांगाडा करायचा. सांगाडा मी देतो."

"जत्रेत एक मोठं बघितलं होतं. माणसाएवढं उंच."

"ते घे. म्हंजे तू चालू केलंस की शेजारच्या घरातले दिवे बारीक व्हतील." फाउस्तोनं तुंबा परत घेतला. "तुला सुरी करायचीय का नांगर?"

मग त्यानं कोपऱ्यातली गोधडी बाजूला केली. खाली त्याचा स्वतःचा सँडर होता. जुन्या पलंगाच्या लोखंडाचा सांगाडा, वर लाकडी चाकं, पट्ट्यामागं टेकू द्यायला पोलादाची गुळगुळीत पाटी. खाली बसकी, काळपट मोटर. फाउस्तोनं बटण दाबलं. ओविदियो आवाजाची वाट बघत राहिला आणि आवाज आलाच नाही. आली ती नुसती गुणगुण, बाई स्वयंपाक करताना करते तशी.

"भिंतीपलीकडं माझी बायको झोपलीया," फाउस्तो म्हणाला. "उठली का?"

"नाही."

"वॉशिंग मशीनची मोटर हाय. जुन्या मशीनची, गोल खिडकीवाल्या. तिला दोन चाली असत्यात. धुताना सावकाश, पिळताना पळत. कच्चं पातं पळत्या चालीवर खरवडायचं, पानी दिलेलं सावकाश चालीवर. जळायचं भ्याव न्हाई. आन् लई दाबलंस तर बिचारी थांबती. तू बस चालवायचास तसा रेटून सुऱ्या करनार, तुला हीच बरी."

ओविदियोनं एक गंजका तुकडा पट्ट्याला टेकवला. अंगठा न लावता, नुसत्या तळहातानं. ठिणग्या उडाल्या आणि लोखंड लोण्यासारखं उतरलं. दुखलं नाही. किती तरी दिवसांत पहिल्यांदा हातात पोलाद होतं आणि दुखलं नाही.

"मोटर आन, आठ दिवसांत सँडर देतो," फाउस्तो म्हणाला. "पर नव्या मशीनची नको हां. त्या मोटरीला संगं एक सर्किटाची हिरवी पाटी लागती, तिचा हुकूम आल्याबिगर जागची हालत न्हाई. सरकारी कचेरी नुसती."

ओविदियोनं भंगारवाले पालथे घातले. पण तांदिलमध्ये सुऱ्या करणारे काय थोडे? मेलेली मशीनं रांगेनं पडली होती आणि प्रत्येकाचं पोट फाडून मोटर आधीच कुणी तरी नेली होती. जुन्या, गोल खिडकीच्या, दोन चालीच्या मोटरीचं जिवंत मशीन ओविदियोच्या माहितीत एकच होतं. त्याच्याच परसदारी, द्राक्षाच्या मांडवाखाली.

आता कुणीही म्हणेल, की बायकोला सरळ सांगावं. पण ते ओविदियोच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. गेली कित्येक वर्षं एर्मिन्दा नवं मशीन मागत होती आणि दर वेळी हा मशीनच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "म्हातारे, असलं मशीन आता होत नाही. आपण जाऊ, हे राहील." साडूनं नवं घेतलं तेव्हा तर त्यानं भर जेवणात नव्या मशिनांवर भाषण ठोकलं होतं. आता त्याच तोंडानं काय म्हणायचं? मशीन आपणहून मरायला हवं होतं. आणि ते आपणहून मरत नसेल, तर त्याला थोडा हात द्यायला हवा होता.

त्यानं धुणं धुवायला घेतलं.

पहिल्यांदा खोगिरावर घालायची मेंढीची कातडी घातली, दोन्ही एकदम. मशीननं ती गिळली, घुसळली, पिळून पांढरीशुभ्र बाहेर दिली. मग डोक्यातून अंगावर घ्यायचा जाड लोकरीचा पाँचो आणि त्याबरोबर दाराचं पायपुसणं. मग गॅरेजची ताडपत्री. मशीन अंगणभर नाचलं, मांडवाच्या खांबाला जाऊन धडकलं, पण थांबलं नाही.

"हे काय रे चालवलंयस?" एर्मिन्दा दारात येऊन म्हणाली.

"म्हटलं, तुझे हात दुखत असतील."

एर्मिन्दानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बहिणीला फोन लावला. दोन दिवसांत गल्लीत झालं, की ओविदियो लाबोर्दे बायकोचं धुणं धुतो. भाजीवालीनं त्याला कौतुकानं एक लिंबू जास्त दिलं. संध्याकाळी निकानोर तावातावानं आला.

"लेका, तुला काय भूतबाधा झालीय का? माझी बायको म्हणते, ओविदियोकडे बघा. मी आज चादरी वाळत घातल्या. चादरी."

"चांगलंय की. वाळत घालायच्या आधी झटकाव्या, सुरकुत्या पडत नाहीत."

"तू काही तरी लपवतोयस."

"साडूपासून काय लपवायचं? बटणाचं नातं आपलं."

असे दिवस चालले होते. आणि एक दिवस, ओविदियोनं आशा सोडत आणली होती तेव्हा, मशीनच्या पोटातून खळ्ळ-खळ्ळ आवाज येऊ लागला. धुताना खळखळ, पिळताना तर खिळ्यांची पिशवी घुसळावी तसा कडकडाट. ओविदियो मांडवाखाली उभा राहून ऐकत होता आणि त्याला ते चर्चच्या घंटेपेक्षा गोड वाटत होतं. तोंड जमेल तेवढं लांब करून तो आत गेला.

"म्हातारे, बेअरिंग गेलं वाटतं."

एर्मिन्दा कणकेच्या हातानं वळली. "अरेरे," ती म्हणाली. "मग आता नवंच घ्यावं लागेल."

ओविदियो तयारीत आला होता. दुरुस्ती का होणार नाही, सुटे भाग कसे मिळत नाहीत, सगळं पाठ करून. ते सगळं घशातच राहिलं.

"फाउस्तोला दाखवायचं का एकदा?" त्याला उगाच विचारावंसं वाटलं.

"कशाला त्याला त्रास? गेलं ते गेलं. पेन्शनीचा बोनस यायचाय ना? यंदा समुद्रावर नाही गेलो तर काय होतंय. मला तशीही वाळू आवडत नाही."

ही एर्मिन्दा. जिनं एकच इस्त्री किती तरी वेळा दुरुस्त करून घेतली, जी छत्रीच्या काडीसाठी मिस्त्र्याच्या दारात बसते, आणि समुद्रासाठी मार्चपासून पिशवी भरून ठेवते. ओविदियो विचारात पडला. शिवाय दुसरी काळजी होती. खळखळ मोटरीतलीच असली तर? मग मशीन मेलं आणि मोटरही मेली, म्हणजे सगळंच मुसळ केरात.

दुसऱ्या दिवशी वामकुक्षीला एर्मिन्दाचं घोरणं लागल्यावर त्यानं मशीनची मागची झडप उघडली. मोटर हातानं फिरवली. रेशमासारखी फिरली. मग त्यानं खालची नळी सोडली, खाली परात धरली, आणि पाण्याबरोबर छन्न करून परातीत पडली ती नाणी.

त्याला आधी हसूच आलं. बसवाला माणूस, तिकिटाची चिल्लर आयुष्यभर त्याच्या पँटच्या खिशात, आणि पँट ह्याच मशीनमध्ये. साठलेली असणारच. कुठल्या कुठल्या काळची नाणी होती, चालेनाशी झालेली, नावंही आता कुणाला आठवत नाहीत अशी. पण त्यानं एक उचलून पुसायला घेतलं आणि पुसायचं काही नव्हतंच. वर्षानुवर्षं साबणाच्या पाण्यात पडलेलं नाणं काळं, बुळबुळीत व्हायला हवं. ही तर चकचकीत स्वच्छ. एका नाण्याला लाल दोऱ्याचं टोक चिकटलं होतं. आणि एकाला मधोमध भोक होतं.

ते भोक त्यानंच पाडलं होतं, बसच्या किल्लीला अडकवायला. पुढं कडी तुटली तेव्हा एर्मिन्दानं ते नाणं उचलून मुरंब्याच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं होतं. त्याच्या खिशातून निघालेली सगळी चिल्लर आणि सुटी बटणं ती ज्या डब्यात ठेवायची, त्यात. डबा कपाटाच्या वर असायचा. नाण्याला पाय फुटून ते कपाटावरून मशीनमध्ये गेलं असेल, असं बसवाल्यालाही वाटेना.

ओविदियो उकिडवा बसून राहिला. आतून घोरण्याचा आवाज येत होता. नेहमीपेक्षा जरा जास्तच नियमित, असं आता त्याला वाटलं.

त्याच्यापुढं दोन रस्ते होते. परात घेऊन आत जावं आणि म्हणावं, बाई, हे काय? मग मशीन ठणठणीत आहे हे ठरलं. मग नवं मशीन नाही, म्हणून मोटर नाही, म्हणून सुऱ्या नाहीत. आणि मेंढीच्या कातड्यांची गोष्टही निघणारच.

त्यानं ओली नाणी मुठीत घेतली आणि एकेक करून, आवाज होऊ न देता, नळीच्या तोंडातून परत मशीनच्या पोटात सारली. भोकाचं सगळ्यात शेवटी. नळी बसवली, झडप आवळली, परात जागच्या जागी ठेवली.

एर्मिन्दा उठून बाहेर आली तेव्हा तो हात पुसत होता.

"बघितलंस?" तिनं विचारलं.

"बघितलं. बेअरिंगच. काही उपाय नाही."

"मला वाटलंच," एर्मिन्दा म्हणाली आणि घाईघाईनं मातेचं पाणी तापवायला आत वळली.

बोनस आला, नवं मशीन आलं. पांढरं, चौकोनी, काम झालं की गाणं म्हणणारं. एर्मिन्दा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली आणि सगळं धुणं होईपर्यंत उठली नाही. जुनं मशीन ओविदियोनं मोठ्या दुःखानं हातगाडीवर घातलं आणि कोपरा वळल्याबरोबर शीळ घालत रुळापलीकडे नेलं. फाउस्तोनं आडवं करून मोटर सोडवली. सोडवताना नाणी फरशीवर सांडली, गडगडत खाटेखाली गेली.

फाउस्तोनं नाण्यांकडं पाहिलं, मग ओविदियोकडं.

"बेअरिंग?"

"बेअरिंग."

"लई ब्येस," फाउस्तो म्हणाला आणि ती गोळा करून त्याच्या हातात दिली. पुढं विचारलं नाही. बायको त्यालाही होती.

सांगाडा झाला, चाकं चढली. नाक्यावरच्या दुकानातून दोन बोटं रुंद पट्टे आणले, एक भरड, एक मध्यम, एक पिठासारखा बारीक. पहिले दोन दिवस पट्टा सारखा चाकावरून घसरायचा, ओविदियो त्याला बसच्या प्रवाशांना द्यायचा तसल्या शिव्या द्यायचा. मग मागचा स्क्रू किती पिळायचा हे हाताला कळलं. गाव झोपलेलं असताना मांडवाखाली मोटर गुणगुणायला लागली. पाणी दिलेलं पातं सावकाश चालीवर धरायचं, दर दोन घासण्यांनंतर बादलीत बुडवायचं. निळा डाग कुठंही नाही. अंगठा शांत. एर्मिन्दाच्या खिडकीची झडप एकदाही उघडली नाही.

पहिली सुरी झाली ती बेताची, रुंद पात्याची, जर्दाळूच्या लाकडाच्या मुठीची. रविवारी जेवणाआधी, निकानोर आणि त्याची बायको टेबलाशी बसलेले असताना, ओविदियोनं ती फडक्यात गुंडाळून एर्मिन्दासमोर ठेवली.

"पुढची तुझी म्हणत होतो ना."

एर्मिन्दानं फडकं उलगडलं. पात्यावरून बोट फिरवलं. मूठ धरली, सोडली, परत धरली. तिच्या हाताच्याच मापाची होती.

"नाणं दे," निकानोर म्हणाला. "नाहीतर माया कापली जाईल. बटण चालत नाही हां, हा माणूस डूख धरतो."

"आणते की," म्हणत एर्मिन्दा उठली, कपाटाकडे गेली, टाचा उंचावून मुरंब्याचा डबा खाली काढला. झाकण उघडलं. डब्यात नुसती बटणं होती. ती डब्यात बघत तशीच उभी राहिली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"काय झालं ताई?" बहिणीनं विचारलं.

ओविदियो उठला, तिच्या शेजारी गेला, आणि तिच्या हातात काही तरी ठेवून मूठ मिटवली. तिनं मूठ उघडून पाहिली. मधोमध भोक असलेलं नाणं.

ती जागेवर येऊन बसली, ते नाणं टेबलावरून सरकवत त्याच्यासमोर आणलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या तळहातावर ठेवलं. ओविदियोनं ते खिशात टाकलं.

"झालं," ती म्हणाली. "आता कापू का सॉसेज?"

"काप."

सुरी लोण्यातून जावी तशी गेली. निकानोरनं मान डोलावली आणि तोंडानं काही म्हणाला नाही, हे त्याचं कौतुक. एर्मिन्दानं चकत्या सगळ्यांना वाटल्या, ओविदियोच्या ताटात दोन जास्त टाकल्या आणि खाली वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती ताडपत्री आत घातलीस ना, तेव्हा मला त्या बिचाऱ्या मशीनची दया आली. म्हटलं, ह्याच्या हातून हाल होऊन मरण्यापेक्षा आपणच सोडवावं."

ओविदियोनं चकती तोंडात टाकली आणि चावत राहिला.

"आणि कातडी उद्या परत धुवायला घाल," ती मोठ्यानं म्हणाली. "नव्या मशीनमध्ये नको हां. हातानं."

"बघा," निकानोरची बायको नवऱ्याकडे वळून म्हणाली. "कातडीसुद्धा."